गिरणीची भिंत

आमच्या ग्रुपमध्ये फोटोंवर बोलायचं काम माझ्याकडे आलं, ते मी मागितलं म्हणून नव्हे. मी जळगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. इतकी वर्षं मुलांच्या जर्नलमधल्या आकृत्या तपासत आले. पेशीची रेघ तुटली, नाव चुकीच्या जागी गेलं की लाल गोल. ग्रुप ज्यांनी सुरू केला ते भाऊ, त्यांचं कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या खोलीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही जमतो आणि भिंतीवर पडदा लावून एकमेकांचे फोटो पाहतो. सगळे हौशी. भाऊंना कुठलाही फोटो दाखवा, ते 'छान' म्हणतात. एकदा त्यांनीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मॅडमला चुका काढायची सवय आहे. यापुढे फोटोवर मॅडम बोलतील."

मी ते मनावर घेतलं. घरून ठरवून जायची, की आधी आवडलेलं सांगायचं आणि मग एकच सुधारणा. कुणाचं मन दुखवायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. लोक वहीत लिहून घेत. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

पावसाळा संपता संपता धुळ्याहून एक बाई यायला लागल्या. चाळिशीच्या असतील. देवपुरात त्यांची पिठाची गिरणी आहे आणि ती त्या स्वतः चालवतात. रविवारी दुपारी गिरणी सासूच्या भरवशावर सोडून त्या बसने जळगावला येत. फोटो मोबाइलवरच काढलेले. पहिल्यांदा दाखवला तो गिरणीतलाच होता. एक म्हातारी गिऱ्हाईक पीठ बारीक झालं की नाही ते बघायला चिमूट बोटांत चोळतेय. तिच्या मागे सगळी भिंत खिळ्यांनी भरलेली, प्रत्येक खिळ्याला कुणाची ना कुणाची पिशवी, मधेच देवाचं कॅलेंडर, एक फुटका आरसा, विजेच्या बोर्डावर पिठाचा थर.

मी म्हणाले, "हात फार सुंदर आलाय. पण मागे गर्दी आहे. नजर पिशव्यांवर जाते. मागची बाजू मोकळी असती तर हात उठून दिसला असता."

त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "मोकळी म्हणजे किती मोकळी, मॅडम?"

"जमेल तितकी," मी म्हणाले आणि पुढच्या फोटोकडे वळले.

पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपवर रोज सकाळी कुणी ना कुणी फोटो टाकतं, त्यांचा एकही नाही. भाऊ चहा ओतता ओतता मला हळूच म्हणाले, "मॅडम, धुळेवाल्या ताईंना तुम्ही काही जास्त बोलल्या का?"

मी नाही म्हणाले. पण घरी आल्यावर ते वाक्य मी चार वेळा मनात म्हणून पाहिलं. 'मागे गर्दी आहे.' यात वाईट काय आहे ते सापडेना, आणि वाईट नाही असंही वाटेना. शेवटी फोन केला. गिरणीच्या आवाजात त्यांचं अर्धंच ऐकू आलं. "काम चालू आहे मॅडम. झालं की येते." कसलं काम, ते कळलं नाही.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षेसाठी बाहेरची परीक्षक म्हणून मला धुळ्याला जावं लागलं. दुपारी तीनला मोकळी झाले. बसस्टँडवर जायच्या ऐवजी रिक्षावाल्याला देवपूर सांगितलं. गिरणी शोधायला वेळ लागला नाही. दारात सहा-सात बायका उभ्या होत्या आणि काहीतरी वाद चालला होता.

आत पाऊल टाकलं आणि मी थांबलेच. भिंत पांढरीशुभ्र. एक खिळा नाही, कॅलेंडर नाही, आरसा नाही. सगळ्या पिशव्या एका बाकावर एकमेकींवर पडलेल्या आणि त्यावरूनच वाद होता. एकीची दादर ज्वारी दुसरीच्या घरी गेली होती, आणि तिसरीच्या कळण्याच्या भाकरीसाठीच्या ज्वारी-उडदात कुणाचे तरी गहू आले होते. कोपऱ्यात स्टुलावर एक म्हातारी बसली होती. त्या सासूबाई असणार, हे ओळखू आलं.

बाई मला बघून हसल्या. हातानेच बसा म्हणाल्या. मग सासूला मोठ्याने सांगितलं, "आई, ह्याच त्या मॅडम. जळगावच्या."

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "बठ्ठं काढी टाकं हिनी. आते भिंत भोंगळी दिखस."

सगळं काढून टाकलेली उघडी भिंत त्यांना नागडी वाटत होती, आणि ते सांगताना त्यांचा रोख सुनेकडे नव्हता, माझ्याकडे होता. मी नुसती मान हलवली. ती कबुलीसारखी दिसली असेल.

गिऱ्हाइकं गेल्यावर बाईंनी मोटार बंद केली. पट्टा हळूहळू थांबला. त्यांनी पदराने हात पुसले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "दोन महिने लागले. आधी खिळे काढले, मग भोकं बुजवली, मग रंग. परत तीच आजी आली तेव्हा काढला. आता बघा."

तोच हात, तीच चिमूट, मागे पांढरी भिंत. नजर हातावरच राहत होती. मी सांगितलेलं सगळं त्यात तंतोतंत होतं. आणि तो फोटो मला अजिबात आवडला नाही. पिठाच्या पाकिटावर छापायला चालला असता. मी तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले.

"छान तर भाऊ म्हणतात. तुम्ही चूक सांगा."

मी मोबाइल परत दिला. मग जे होतं ते बोलले. "चूक नाही. पण मला तो पहिलाच जास्त आवडतो."

"पिशव्यांचा?"

"हो."

"मग तेव्हा असं का म्हणाल्या?"

"तेव्हा मला गर्दीच दिसली."

त्या रागावतील असं वाटलं. निदान वाईट तरी वाटेल. मी माफी मागायच्या बेतात होते. पण त्या भिंतीकडे वळून म्हणाल्या, "असू द्या. मला भिंत आवडते. लग्न होऊन आले तेव्हापासून हिला रंग द्यायचा म्हणत होते. आई म्हणायच्या, गिरणीला कशाला रंग. फोटोसाठी पाहिजे म्हटलं, जळगावच्या मॅडमने सांगितलंय म्हटलं, तेव्हा कुठे ऐकलं."

आता मला समजेना की मी यांचं भलं केलं की नुकसान. सुनेला हवी ती भिंत मिळाली होती. सासूची गेली होती, गिऱ्हाइकांचे खिळे गेले होते, आणि एक चांगला फोटो परत कधी काढता येणार नव्हता. हे सगळं माझ्या एका वाक्याने झालं, आणि ते वाक्यही मी पुढच्या फोटोची घाई असताना बोलले होते.

त्यांनी चहा ठेवला. तो होईपर्यंत तुमचे फोटो दाखवा म्हणाल्या. ग्रुपमध्ये मी क्वचितच दाखवते. कॅमेरा माझ्या पर्समध्ये कायम असतो, त्यातले दाखवले. केळीचे घड वाहणारे मजूर, मुक्ताईनगरच्या यात्रेतली माणसं, सूर्यास्ताला घाटावर बसलेल्या बायका. त्या एकेक फोटो नीट बघत होत्या. मग विचारलं, "मॅडम, यांच्यातलं एकही माणूस तुमच्याकडे का बघत नाही?"

मी परत सगळे फोटो पाहिले. पाठमोरे, बाजूने, लांबून काढलेले. "त्यांना कळू नये म्हणून," मी म्हणाले. "कळलं की माणसं सहज राहत नाहीत."

"की तुम्ही राहत नाही?"

त्यांनी ते टोचायला विचारलं नव्हतं. वर्गातल्या शंकेसारखं विचारलं होतं. मी कॅमेरा बंद करायला लागले.

"माझा काढा ना," त्या म्हणाल्या. "समोरून."

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि सरळ माझ्याकडे पाहू लागल्या. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या स्टूल उचलून शेजारी येऊन बसल्या आणि त्याही पाहू लागल्या. एवढी परीक्षा घेऊन आलेली मी, त्या दोघींसमोर कॅमेरा धरून उभी राहिले. तीन फोटो काढले. तिन्ही हलले.

मार्चच्या बैठकीला त्या आल्या. पडद्यावर त्यांनी नवाच फोटो लावला. पांझरा नदीचं कोरडं पात्र, वाळूत आडवी पडलेली प्लास्टिकची खुर्ची. माणूस नाही, जनावर नाही. भाऊंनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. वहीत लिहून घेणाऱ्यांनी पेनं उघडली.

मी आवडलेलं शोधायला लागले. खुर्ची आवडली होती का? नक्की नव्हतं. सुधारणा शोधली, तीही सापडेना. शेवटी विचारलं, "ताई, यात तुम्हाला काय दाखवायचं होतं?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आणला."

चोपड्याहून येणारे एक आबा म्हणाले की खुर्ची वाहून आली असणार. कुणी म्हणालं, वाहून यायला पाणी कुठे होतं? मग कुणीतरी फेकली असेल. मग चांगली खुर्ची कोण फेकतं? अर्धा तास तेच चाललं. फोटो चांगला की वाईट यावर कुणीच बोललं नाही, आणि तरी तेवढा वेळ कुणाची नजर पडद्यावरून हलली नाही. सुधारणा लिहायला मीही वही उघडून बसले होते. तेच रिकामं पान घेऊन घरी गेले, आणि जाताना वाटेत मला ठरवता येत नव्हतं की आज मी माझं काम केलं की चुकवलं.