जगन्नाथरावांचा कनूचा बेत

सकाळची पूजा उरकून रवा भाजायला घेतला, तोच जगन्नाथराव दारात. काखेत नकाशांची गुंडाळी, मागे सीमा. आज मला खरं तर कुणीच नको होतं. पाठ सकाळपासून भरून आली होती.

जगन्नाथराव मूळचे नागपूरचे. मिनेसोटात आमच्याही आधी आलेले, रस्तेखात्यात इंजिनिअर. पत्नी नीला गेली तेव्हापासून हा माणूस तसाच चाललाय: ऑफिस, घर, शनिवारी कपडे धुणं. डब्यात रोज दोन टोस्ट आणि लोणचं. कुणी विचारलं तर म्हणतात, "बरं चाललंय." दुसऱ्यांदा वाढायला गेलं की पानावर हात आडवा. सीमा ही एकुलती मुलगी, इथेच जन्मलेली.

तिला बापाबरोबर उत्तरेच्या तळ्यांच्या जंगलात जायचंय. तिकडे रस्ते नाहीत. कनू नावाची अरुंद होडी वल्हवत तळं ओलांडायचं, ती डोक्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं, रात्री तंबूत झोपायचं. दोन उन्हाळे बेत ठरला आणि दोन्ही वेळा जगन्नाथरावांनी कॅन्सल केला. आता तिला टेक्ससमध्ये, शुगर लँडला नोकरी लागलीय. सप्टेंबरात एक आठवडा मोकळा आहे, त्यानंतर ती जाणार. परमिट आलंय, आज सही करून परत पाठवायचंय.

"वहिनी, पंचाईत झालीय," जगन्नाथराव खुर्चीत बसत म्हणाले. "त्याच आठवड्यात नवमी येतेय."

अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. आमच्या या भागात मराठी सवाष्ण मीच. म्हणून दरवर्षी त्यांच्या ओट्याशी स्वयंपाकही माझा आणि पानावर बसायचंही मीच.

"काकू, दरवर्षी काहीतरी येतंच," सीमा म्हणाली. "आधी पाऊस, मग गाडीचं ट्रान्समिशन. धिस इयर इट्स आई."

"असं बोलू नये," जगन्नाथराव हळूच म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर द्यायच्या उपम्याचा रवा परतत राहिले. तिकडे डबे, बाटल्या न्यायला बंदी, म्हणून सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून द्यायचं होतं. विषय बदलावा म्हणून म्हटलं, "लसणाची चटणीही देते."

"नको काकू, वासाने अस्वलं येतील."

"येऊ देत," जगन्नाथराव म्हणाले. "नागपूरचं तिखट आहे. एकदा खाल्लं की त्या तळ्यावर पुन्हा फिरकायची नाहीत."

सीमा हसली, पण नजर कागदावरच. "बाबा, सही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हीच सांगा. तिथी चुकवून कसं चालेल?"

माझ्याकडे पंचांग आहे म्हणून सगळे मलाच विचारतात. आज मात्र उत्तर द्यायचंही त्राण नव्हतं.

"यंदा मी पानावर बसणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"दमले मी, जगन्नाथराव. वाटायचं मी, तळायचं मी, आणि मग नीलाच्या नावाने जेवायचंही मीच. घास उतरत नाही हो. समोर तुम्ही दोघं गप्प बसलेले असता."

बोलून गेले खरी. देवापुढे रोज बसणारी बाई मी. श्राद्धपक्षाला नाही म्हणायची वेळ कधी आली नव्हती. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

"मग नवमीचं काय?"

"तिथी हुकली तर सर्वपित्री अमावास्येला करता येतं. तोवर तुम्ही परत येता. नीलाला राग यायचा नाही."

आता नवमीचा प्रश्नच उरला नाही. तरी पेन टोपणातच. जगन्नाथराव नुसते नकाशाकडे बघत बसले. सीमा खालमानेने कागद उचलायला लागली.

"थांब," ते म्हणाले. "मला झेपणार नाही गं. होडी डोक्यावर घेऊन चालणं... ऑफिसचा जिना एका दमात होत नाही. मधे बुटाची नाडी बांधायला बसतो, कुणाला कळू नये म्हणून. तुलाही कळू नये म्हणून."

माझ्या शिवणाच्या डब्यातला खोडरबर सीमाने घेतला आणि नकाशावरची पेन्सिलीची वाट टोकाकडून पुसत आली. पहिल्या तळ्यापाशी थांबली.

"हे एकच. तिथेच तंबू. वल्हवीन मी. यू जस्ट सिट."

"आणि मी काय करू?"

"बोला माझ्याशी."

"आठवडाभर?" त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं, पण हसायचीही ताकद नव्हती.

त्यांनी नकाशा जवळ ओढला, त्या एका निळ्या डागावर बोट ठेवून काठाकाठाने सावकाश फिरवलं.

"बरंच मोठं आहे की," म्हणाले, आणि सही केली.