मित्राच्या कंप्युटरचं कुलूप

नांदेडला स्टेशनच्या अलीकडे एका चहाच्या हॉटेलात आम्ही पाच-सहा जण दर रविवारी दुपारी बसतो. मी एका कॉलेजात कंप्युटरची लॅब सांभाळतो, एक जण रेल्वेत आहे, एक बँकेत, बाकीचे असेच इकडचे तिकडचे. आम्हाला एकत्र बांधणारी गोष्ट एकच, कंप्युटरचं वेड. लोक राजकारणावरून भांडतात, आम्ही कंप्युटर कोणता चांगला यावरून भांडतो. बँकवाल्याचा जीव त्याच्या महागड्या लॅपटॉपवर, त्याला तो कुणाचं बोट लागू देत नाही. रेल्वेवाला हैदराबादहून सुटे भाग आणून स्वतः मशीन जोडतो आणि तयार लॅपटॉप घेणाऱ्यांना आळशी समजतो. चहा थंड होतो, पण कुणाचं मत बदललेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

त्यातला सगळ्यात कडवा मी. माझं म्हणणं असं की मशीन कुठलंही घ्या, पण त्याची किल्ली तुमच्या हातात पाहिजे. कंपनीची सिस्टीम वापरणारा माणूस स्वतःच्या घरात भाडेकरू म्हणून राहतो. तुमचे फोटो कंपनीच्या गोदामात, तुमची पत्रं कंपनीच्या कपाटात, आणि उद्या त्यांनी दार लावलं तर तुम्ही रस्त्यावर. म्हणून मी मोकळी, फुकट मिळणारी लिनक्स ही सिस्टीम वापरतो आणि दुसऱ्यानेही वापरावी म्हणून त्याचं डोकं खातो. मंडळी मला महाराज म्हणतात, कारण मी बोलत नाही, प्रवचन देतो. मला त्याचा राग कधी आला नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

माझ्या प्रवचनावर सगळ्यात जास्त हसायचा तो माझा उदगीरचा मित्र. कॉलेजात असताना नांदेडच्या होस्टेलवर आम्ही एका खोलीत तीन वर्षं काढली. पुढे त्यानं उदगीरला, स्वतःच्या घराच्याच पुढच्या खोलीत, दुकान टाकलं. झेरॉक्स, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, लग्नपत्रिका, जे येईल ते. महिन्या-दोन महिन्यांनी बस पकडून तो रविवारच्या बैठकीला यायचा आणि आल्या आल्या मला डिवचायचा. तो म्हणायचा की माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाला दाखला पाहिजे असतो, स्वातंत्र्य नको असतं. मी चिडायचो आणि तो माझ्या बशीतलं भजं उचलायचा.

मग एक दिवस त्याचं इंटरनेटवरचं खातं बंद झालं. ज्या कंपनीकडे त्यानं सगळं ठेवलं होतं, तिनं, त्यानं नियम मोडला असं कारण दाखवून, दार लावून घेतलं. कोणता नियम, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं पत्रं पाठवली, उत्तरं आली, पण ती सगळी मशीननं लिहिलेली. त्याच्या मुलीचे जन्मापासूनचे फोटो त्यात होते. ती तेव्हा पाच वर्षांची. तिचं पहिलं पाऊल, जळकोटला आजोळी झालेलं जावळ, सगळं गेलं. त्यानं मला फोन केला तेव्हा आवाज पार उतरलेला होता.

"तुझं खरं निघालं," तो म्हणाला. "ये आन् काय करायचं ते कर."

मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, पण त्याहून जास्त आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. दहा वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतल्यावर घडा एकदाचा उताणा झाला होता. मी पुढच्याच रविवारी सकाळची गाडी धरून उदगीरला गेलो.

दिवसभर बसून मी त्याचं मशीन धुऊनपुसून काढलं. कंपनीची सिस्टीम गेली, माझी आली. फोनमधून कंपनीकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा बंद केल्या. निरोपांचं ॲपसुद्धा बदलून दिलं, ज्यात आठ दिवसांनी निरोप आपोआप पुसले जातात. घरातला आवाज, घरातले फोटो फोनमध्ये ठेवायचे नाहीत, या मशीनमध्येच ठेवायचे, असं बजावलं. आणि शेवटी अख्ख्या डिस्कला कुलूप घातलं. मशीन सुरू करताना एक वाक्य विचारणार, ते बरोबर टाकलं तर उघडणार, नाहीतर जगातला कुणीही ते उघडू शकणार नाही. जास्तीची एक डिस्क दिली, तिलाही तेच वाक्य.

वाक्य कसं निवडायचं हेही मीच शिकवलं. देवाचं नाव नको, जन्मतारीख नको, म्हण नको, गाण्याची ओळ नको. जे फक्त तुलाच सुचेल असं लांबलचक काहीतरी घे. तो टाइप करत होता तेव्हा मी मुद्दाम पाठ फिरवून उभा राहिलो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

नंतर जेवायला बसलो. वहिनी भाकरी वाढत होत्या. वहिनी जळकोटकडच्या शेतकरी घरातल्या, बारावी शिकलेल्या, दुकानातले निम्मे फॉर्म त्याच भरत. मी घास घेता घेता प्रवचन चालूच ठेवलं होतं. "हे वाक्य कागदावर लिहायचं नाही आणि कुणालाच सांगायचं नाही," मी म्हणालो. "वहिनींनासुद्धा नाही."

वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, मला काय करायचंय त्याचं. मित्र मला म्हणाला, महाराज, आता जेव. आम्ही तिघंही हसलो.

पुढची दीड वर्षं बरी गेली. तो आमच्या बैठकीत माझ्या बाजूनं भांडायला लागला, आणि नवा बाटलेला जास्त कडवा म्हणतात तसा मलाही मागं टाकू लागला. मग त्याचा घसा बसला. महिना झाला तरी आवाज सुटेना तेव्हा लातूरला दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं की गाठ स्वरयंत्रात आहे, ऑपरेशन करावं लागेल, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

ऑपरेशनला दहा-बारा दिवस होते. या दिवसांत त्यानं काय केलं ते मला नंतर वहिनींकडून कळलं. तो रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचा, मधलं दार लावायचा आणि माइकसमोर बसायचा. घसा बसलेला, तरी बोलायचा. मुलीसाठी आवाज भरून ठेवत होता. तिच्या पुस्तकातले धडे वाचले, गोष्टी सांगितल्या, ती मोठी झाल्यावर सांगायच्या गोष्टीही सांगून ठेवल्या. दहावीच्या परीक्षेला जाताना ऐकायचं वेगळं, लग्नाच्या वेळचं वेगळं. वहिनींना दाराआडून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. एकदा त्यांनी फोनमध्येच भरा ना म्हणून सुचवलं, तर तो म्हणाला, फोन आपला नसतो. ते वाक्य माझं होतं.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी त्यानं पाटीवर लिहून माझी टिंगल केली. सातव्या दिवशी हृदय थांबलं.

तेरावं झालं आणि चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ते मशीन उघडून द्या. पोरगी लई मागं लागून राहिली. पप्पांनी माझ्यासाठी काय ठेवलंय, म्हणती."

मी उदगीरला गेलो. मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, वाक्य विचारणारी. मला वाटलं होतं, काहीतरी सुचेल. तीन वर्षं एका खोलीत काढलेल्या माणसाचं वाक्य ओळखता येणार नाही का? त्याच्या तोंडात बसलेली सगळी वाक्यं मी टाकून पाहिली. होस्टेलवरच्या शिव्यासुद्धा टाकल्या. मी डिस्कची नक्कल करून नांदेडला आणली आणि लॅबमधल्या मशीनवर एक प्रोग्रॅम लावून दिला, तो रात्रंदिवस अंदाज टाकत बसला. पुण्यात या विषयातला एक जाणकार आहे, त्याला विचारलं. तो सगळं ऐकून म्हणाला, कुलूप फार व्यवस्थित घातलंय. एरवी मी ही शाबासकी बैठकीत चारदा सांगितली असती.

रविवारी मी मंडळींना सगळं सांगितलं. बँकवाला म्हणाला, म्हणूनच कंपनीकडे एक जादा किल्ली असावी. वाद घालायला उघडलेल्या तोंडाला मी चहाचा कप लावला. माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते आजही तेच आहे. बायकोसाठी उघडणारी जादा किल्ली ज्याच्याकडे असेल, तो ती दुसऱ्या कुणासाठीही फिरवू शकतो. मला हे पटतं. मित्राच्या मुलीसमोर उभा असतानाही पटत होतं. मी चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवला असता तर निदान आता तो सोडून देता आला असता.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वहिनींनी मुलीला शेजारी पाठवलं. म्हणाल्या, तुम्ही म्हणाला होतात की वाक्य फक्त त्यांचं पाहिजे, तर आमच्या दोघांतलंच काहीतरी असंल. मी सांगते, तुम्ही टाका. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी पडद्याकडे तोंड करून बसलो. मग त्या एकेक सांगत गेल्या. तो त्यांना एकांतात काय म्हणायचा. लग्नानंतर पहिल्यांदा काय बोलला. रुसल्यावर काय बोलून मनवायचा. एका नवरा-बायकोत जे चार भिंतींच्या आत राहतं, ते सगळं त्या बाईनं एका परक्या पुरुषासमोर एकेक करून उघडं केलं, आणि मी ते इंग्रजी अक्षरांत पाच-पाच तऱ्हांनी टाइप करत गेलो. माणसाचं खासगी आयुष्य खासगी राहावं म्हणून मी जन्मभर भांडलो होतो. दर वेळी पडदा थोडा थांबायचा आणि तीच ओळ पुन्हा विचारायचा. तासाभरानं त्या म्हणाल्या, आता माझ्याजवळ काय न्हाई राहिलं. मी त्यांच्याकडे न बघता चहा मागितला, म्हणजे त्यांना उठून आत जाता येईल.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. ज्या कंपनीसाठी, ज्या चोरासाठी कुलूप घातलं, ते कुणी त्या दाराकडे फिरकलेसुद्धा नाहीत. दारात उभी राहिली ती सात वर्षांची मुलगी.

त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. निरोप आठ दिवसांनी पुसले गेले होते, जुने व्हिडिओ खात्याबरोबर बुडाले होते. शोधता शोधता एक ऑटोवाला सापडला, जो गावात भोंगा लावून जाहिराती फिरवतो. त्याच्याकडे एका जुन्या पेनड्राइव्हवर मित्राच्या दुकानाची जाहिरात निघाली, मित्राच्याच आवाजात, घसा बसण्याच्या आधीची. पेनड्राइव्हला कुलूप नव्हतं. "सातबारा, आठ अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, सर्व फॉर्म भरून मिळतील. एक वेळ अवश्य भेट द्या." एवढंच. मी ते घेऊन गेलो आणि मुलीच्या हातात दिलं.

तिनं ते पुढच्या खोलीत लावलं. संपलं की परत लावायची. ती रडली नाही, बारकाईनं ऐकत होती, जणू त्यात आणखी काही सापडणार होतं. मला तिथं बसवेना. मी आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. वहिनी पीठ मळत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं."

त्या पिठातून हात न काढता बोलल्या. "तुमचं कसं चुकलं? लातूरला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं व्हतं. म्हणले, वही घे, वाक्य सांगतो, लिहून ठेव. मीच नको म्हणलं. म्हणलं, भाऊजींनी कुणालाच सांगायचं न्हाई म्हणून सांगितलंय, मग मला कशाला सांगता. ते म्हणले, अगं, तू काय कुणी हाईस का? तरी मी ऐकलं न्हाई. तुमी शिकलेली माणसं, मला वाटलं, सांगितलं तर त्यातलं काही बिघडंल."

मी उंबऱ्यावरच बसलो. बायको त्या 'कुणी'त धरायची नसते, असं मला म्हणायचं होतं. पण याच घरात, ताटावर बसून, त्यांच्याच हातची भाकरी खात, धरायची म्हणून मीच सांगितलं होतं.