यंत्र निवडायचं कुणी

‘“हरवलो होतो” हा शब्द परत काढू नका,’ सुप्रभा म्हणाली. ‘हरवले असाल तुम्ही. मला ठाऊक होतं आपण कुठे आहोत ते.’

‘अगं, बोटीचं नाक दिसत नव्हतं धुक्यात,’ डॉक्टर श्रीनिवास म्हणाले. ‘म्हणून तर जीपीएस घेऊ म्हणतोय. यात रागावण्यासारखं काय आहे?’

पुष्कळ होतं. नव्वदच्या दशकात नुकताच बाजारात आलेला, हातात मावणारा जीपीएस घ्या, असं सुप्रभा दोन वर्षं सांगत होती. तेव्हा डॉक्टरांना ते पोरखेळ वाटत होतं. गेल्या रविवारी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या कंब्रे बेटापाशी धुकं उतरलं. मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र आणि हातात घड्याळ, एवढ्यावर तिने दीड तास दिशा सांगत बोट लार्ग्ज बंदराच्या धक्क्याला लावली. आणि शनिवारी मराठी मंडळाच्या जेवणात डॉक्टरांनी चाळीस माणसांना सांगितलं, ‘हरवलो होतो हो, देवाच्या कृपेने किनाऱ्याला लागलो!’

देवाने नकाशा मांडीवर घेतला होता का?

सांगलीच्या सुप्रभाने लग्नाआधी कृष्णेपलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं. ग्लासगोत आल्यावर ती शाळेत गणित शिकवू लागली. डॉक्टरांनी पन्नाशीला हौसेने बोट घेतली, तेव्हा कॉलेजच्या नौकानयनाच्या संध्याकाळच्या वर्गात दोघांनी नाव घातलं. डॉक्टर तीन वेळा गेले, मग त्यांच्या ड्यूट्या आडव्या आल्या. ती दोन हिवाळे गेली, परीक्षा पास झाली. तरी सुकाणू डॉक्टरांच्या हाती आणि आकडेमोड तिच्याकडे, अशी वाटणी पडली ती पडलीच.

आता यंत्र घ्यायचं ठरलं, तर सल्ला कुणाचा? डॉक्टरांचा मित्र राजीवचा. राजीव रेडिओलॉजिस्ट, म्हणजे यंत्रातलं त्याला कळणारच! डोंगर चढताना तो वापरायचा तो जीपीएसचा सेट घेऊन आज आला होता. दोघे पंधरा मिनिटं ड्राइव्हवेमध्ये यंत्र उंच धरून, उपग्रह सापडायची वाट पाहत उभे होते. आत आल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून बायकोला समजावलं, ‘हे बघ, हे अक्षांश. हे रेखांश.’

सुप्रभाने खुंटीवरचे लोकरीचे हातमोजे चढवले आणि यंत्र हातात घेतलं. एक बटण दाबलं की दोन दाबली जात होती.

‘वहिनी, मोजे काढून दाबा ना,’ राजीव हसला.

‘एप्रिलमध्ये क्लाइडच्या खाडीत? बोटं गळून पडतील. आणि हे पाण्यात पडलं तर?’

‘पडू कशाला द्यायचं?’

‘राजीवभाऊजी, तुम्ही छोट्या बोटीत कधी बसलात?’

‘फेरीबोटीत बसलोय की.’

‘फेरीबोटीत चहाचं दुकान असतं,’ सुप्रभा म्हणाली. ‘आणि हे आकडे शंभर मीटर इकडेतिकडे असू शकतात. उपग्रह अमेरिकन सैन्याचे, ते मुद्दामच लोकांना अचूक आकडे देत नाहीत. धुक्यात शंभर मीटर म्हणजे खडक. आकडा नकाशावर मांडून बघावाच लागतो.’

राजीवने घड्याळ पाहिलं आणि कोट उचलला. तो गेल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘मी दुकानात फोन करून हाच सेट ठेवायला सांगितलाय. उगाच फाटे फोडू नकोस.’

जिन्यात बसलेली त्यांची सतरा वर्षांची मुलगी मीनल म्हणाली, ‘पण बाबा, मॅप तर आई वाचते. तू कुठे वाचतो?’

‘यंत्र आलं की मॅप लागणारच नाही,’ डॉक्टर समजुतीने म्हणाले. ‘आईलाही आराम. मस्तपैकी मागे बसून चहा प्यायचा.’

सुप्रभाने मोजे काढले. दोन हिवाळे बर्फातून बस पकडून ती गेली होती, ती मागे बसून चहा प्यायला नव्हे. एका डबीएवढ्या यंत्राने तिला बोटीतून उठवायचं, आणि ते यंत्रही तिला न विचारता आणायचं!

ती फोनपाशी गेली, दुकानाचा नंबर फिरवला, डॉक्टर श्रीनिवास यांच्यासाठी ठेवलेला सेट नको म्हणून सांगितलं आणि रिसीव्हर ठेवला.

‘यंत्र मी निवडणार,’ ती दोघांना म्हणाली. ‘ते येईपर्यंत बोट धक्क्यावरून हलणार नाही. आणि आल्यावर सुकाणू माझ्याकडे. पोळ्या झाकून ठेवल्यात, जेवून घ्या.’