पाचव्या बाईचा चेहरा

...छे, ‘थोर कारागीर’ वगैरे नको लिहूस. आम्ही भिंगकाका म्हणायचो, तेच लिही. डोळ्याला सदा भिंग चिकटलेलं, जेवतानासुद्धा. मी एकदा म्हटलं, “काका, डब्यातपण रेघा शोधताय काय?” तर म्हणाले, “अगं, तुझ्या काकूच्या हातचं आहे, नीट बघूनच खावं लागतं!”

छापखान्याच्या मागे रंगखोली होती. लांब टेबल आणि आम्ही सहाजणी. मोठं पुस्तक निघत होतं, जुन्या काळच्या लोकांचं. कोण काय नेसायचं, देवापुढे कसं बसायचं, मेल्यावर माणसाला कसं न्यायचं. जुनी चित्रं समोर ठेवून काका ती तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे. छापलेला कागद आमच्याकडे आला की रंग हाताने भरायचा. एकीचा लाल, एकीचा पिवळा, माझा काळा. “कुणी मेलं की हिला बोलवा,” म्हणून बाकीच्या हसायच्या.

एक चित्र होतं प्रेतयात्रेचं. पुढे खांद्यावर शवपेटी, मागे सात बायका, तोंडावर जाळीच्या ओढण्या. काका स्वतः टेबलापाशी आले.

“पोरी, ओढण्या पातळ आहेत. काळा अगदी पाण्यासारखा लाव. आतलं दिसलं पाहिजे.”

“हो काका,” म्हटलं.

पहिला कागद केला तसाच. मलाच आवडेना रे. कसला तो पाणचट रंग! मालक चारचौघांत म्हणायचे, हिच्यासारखा काळा कुणाला जमत नाही. चढले होते मी. तो कागद खराब झाला म्हणून माझ्या खोक्यात टाकला, रंगात डिंक घातला आणि पुढचे तीनशे एका हातात काळेभोर करून टाकले.

पुस्तक बांधून आलं. काकांनी ते पान उघडलं, भिंग लावलं आणि बघतच राहिले.

“पाचव्या बाईचा चेहरा कुठे गेला?”

आम्ही सगळ्या त्या पानावर वाकलो.

“माझी आई होती ती,” म्हणाले. “तिचा फोटो नाही एकही. आठवून आठवून कोरली होती.”

पत्रा तोवर घासून पुढच्या चित्राला घेतला होता. काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हं. “रंग पातळच होता ना गं?”

नोकरी जाईल, मालकासमोर नाक कापलं जाईल, एवढंच डोक्यात. म्हटलं, “पातळच होता काका. रेघा झिजल्या असतील.”

काळ्यावर काळं, भिंगाला तरी काय कळणार? त्यांनी मान हलवली. “म्हणजे मीच उथळ कोरलं. हात गेला माझा.”

मी मेलीने तेव्हा तरी तोंड उघडायचं! तो पहिला कागद दोन हातांवर, खोक्यात पडला होता. त्यात ती बाई दिसत होती, ओढणीआडून, नाक जरासं काकांसारखंच. दिला असता तर खोटं उघडं पडलं असतं. नाही दिला.

त्यानंतर काकांनी चेहरा म्हणून कोरला नाही. मालकाने विनवलं, तरी नाही. कडेच्या वेली कोरायचे, पानं, फुलं. मी म्हणायचे, “काका, किती सुंदर पान,” आणि ते म्हणायचे, “पानाला कोण ओळखतं गं?” जाईपर्यंत तेच.

आता लिहिणं पुरे. ते कपाट उघड, खालच्या कप्प्यात पुठ्ठ्यामध्ये ठेवलाय बघ कागद. घडी घालू नकोस! काकांची मुलगी आहे ना, ती बाइंडिंगवाली, तिला नेऊन दे. कुणी दिला विचारलं तर माझंच सांग, लाजू नकोस. म्हणावं, ही तुझी आजी. आणि तुझ्या बापाच्या रेघा चांगल्या खोल होत्या, रंग माझा दाट होता.