गेटपासून पार्किंगपर्यंत

रविवारी सकाळी माझी बायको दूध आणायला खाली गेली आणि तिच्या एका पायातली चप्पल लिफ्टमध्ये राहिली. तिला ते कळलं नाही. दुकानातल्या बाईने सांगितलं तेव्हा तिने खाली पाहिलं.

वर आल्यावर तिने दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसली आणि पाय माझ्यासमोर धरला. "अहो, तळव्याला जरा टोचून बघा."

माझ्या हातात पेन होतं. मी त्याचं टोक लावलं. ती छताकडे बघत होती.

"टोचा ना."

"टोचतोय," मी म्हणालो.

तिच्यावर उपचार सुरू होऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. आजार कोणता ते इथे लिहीत नाही. त्याचं नाव आमच्या घरात इतक्या वेळा घेतलं गेलं की आता मला ते लिहिण्याचाही कंटाळा आहे. डॉक्टर म्हणाले, औषधाने नसा बधिर होतात, काहींच्या पुन्हा जाग्या होतात, काहींच्या नाही. मग कागदावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "गाडी चालवता का तुम्ही? आता जपून. पुढच्या डोसांनंतर बहुधा बंदच करावी लागेल."

ती बाहेरच्या बाकावर माझी वाट बघत बसली होती. मी औषधं घेऊन आलो तेव्हा म्हणाली, "मोठी गाडी आता घेऊन टाकू या."

आमच्या घरात गाडी ती चालवायची. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. लग्नानंतर एकदाच शिकायला गेलो होतो, आणि शिकवणाऱ्याने तिसऱ्या दिवशी स्वतःहून फी परत केली. ती अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. रोज सकाळी बदलापूरहून आम्ही तिच्या छोट्या गाडीतून निघायचो. मी शेजारी पुस्तक उघडून बसायचो, ती पुढच्या टेम्पोवाल्याला शिव्या घालायची. अंबरनाथला मी उतरायचो आणि पुढे रिक्षाने जायचो. तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकीखाली मालकांची गाडी उभी असे, लांब बॉनेटची, जमिनीला धरून चालणारी परदेशी सेडान. तशी आपली एक असावी असं तिने ठरवलं त्याला पुष्कळ वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नाही. घराचे हप्ते संपले होते. निवृत्तीला घ्यायची असं ठरलं होतं.

मी ग्रंथपाल असल्यामुळे प्रश्न पडला की वाचायला बसतो. नवी घ्यावी की कंपनीने तपासून, हमी देऊन विकलेली जुनी, म्हणजे ज्याला ते लोक सर्टिफाइड प्री-ओन्ड म्हणतात ती, यावर मी मिळेल ते वाचलं. निष्कर्ष सरळ होता. नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडता पडताच तिची किंमत उतरते. तेवढ्याच पैशांत दोन-तीन वर्षं वापरलेली, एका वर्गाने वरची गाडी मिळते. शिवाय नव्या गाडीला चार महिने थांबायचं होतं आणि जुनी आठवड्यात दारात आली असती. हे शेवटचं मी तिला सगळ्यात आधी सांगितलं.

"वापरलेली नको," ती म्हणाली.

हे मला अपेक्षित होतं. तिची आई उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी कुटुंबाकडे धुणीभांडी करायची. माणसं भली होती. आपल्या मुलीचं दप्तर त्यांनी हिच्यासाठी दिलं. जाड कातडी दप्तर, पितळी कड्यांचं, आणि झाकणावर त्या मुलीचं नाव इंग्रजीत रंगवलेलं. हिच्या वडिलांनी ते रॉकेलने घासलं, ब्लेडने खरवडलं. नाव पुसट झालं, पण गेलं नाही. वर्गातल्या मुलींनी वर्षभर हिला त्याच नावाने हाक मारली. एकदा हजेरी घेताना बाईंच्याही तोंडून ते निघालं आणि ही "हजर" म्हणाली. ही गोष्ट ती हसत सांगायची, पण पगार सुरू झाल्यापासून तिने दुसऱ्याने वापरलेली वस्तू घरात येऊ दिली नाही. मी रद्दीवाल्याकडून आणलेली पुस्तकंसुद्धा आधी दोन दिवस बाल्कनीत उन्हात पडायची. "ग्रंथपालसाहेब, तुमची पाहुणे मंडळी वाळली का बघा," असं म्हणायची.

तरीही ती जुनी गाडी बघायला आली. मी हट्ट धरला म्हणून आली. उल्हासनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर काचेचं मोठं दालन आहे. तिथल्या विक्रेत्याने सिंधी रिवाजाप्रमाणे मला पहिल्याच वाक्यात साईं केलं.

"साईं, गाडी बघा, एकदम कोरी. मालकाने संडेच्या संडे काढली. मॅडम, बैठके तो देखो."

ती चालकाच्या जागेवर बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. तेव्हा मला वाटलं, जमलं. आतला वास, बॉनेटची लांबी, सगळं तिला आवडलेलं तिच्या मानेवरून कळत होतं. मग तिने दारावरचं एक बटण दाबलं. खुर्ची तिला घेऊन आपोआप मागे सरकायला लागली, खालीही गेली. पाय पेडलपासून सुटले, स्टिअरिंग हाताबाहेर गेलं आणि ती तिथे मागे कुठेतरी जाऊन थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली. "मला वाटलं मीच एवढी बारीक झाले."

विक्रेता हसला. "पुराने मालक की सेटिंग है मॅडम. सहा फुटांच्या वर माणूस. वो डिलीट करून देऊ ना. दो मिनट का काम."

"राहू द्या," ती म्हणाली, "त्यांना बसू दे."

घरी येताना गाडी तीच चालवत होती, आमची छोटी. त्या दिवसांत सिग्नलला थांबली की ती एकदा वाकून पायाकडे बघायची. मी बोलत राहिलो. जुन्यात वाईट काय, माझी अर्धी पुस्तकं जुनी आहेत, त्यांच्यावरही कुणाकुणाची नावं आहेत.

"पुस्तक तुम्ही निवडून आणता. दप्तर मला दिलं होतं."

"मग गाडीही आपण निवडूनच घेतोय. कुणी दान नाही करत."

"खरंय."

"मग?"

अंबरनाथ मागे पडलं. मग तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मला वाटलं पाय दुखतोय.

"दप्तराचं सोडा," ती म्हणाली. "तेवढी काही मी वेडी नाही. ही जुनी परवा घेतली, पुढच्या आठवड्यात आली, तर का घेतली ते तुम्हाला माहीत, मला माहीत. रोज तिच्यात बसताना तेच आठवेल. घाईने घेतलेली गाडी. नवी बुक केली तर चार महिन्यांनी माझं काहीतरी यायचंय. डॉक्टर काही म्हणोत, मला चार महिन्यांनी काम आहे."

"आणि तोवर पाय…"

"तोवर पाय गेले तर गेले." जरा थांबून म्हणाली, "तुम्ही हिशेब बरोबर केलाय हो. मला तो नको आहे, एवढंच."

मी हट्ट सोडला. सोडायला हवा होता का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तिला चालवायला मिळावी म्हणून मी जुनीच्या बाजूने होतो. तिला वाट बघायला काहीतरी हवं होतं. दोन्ही एका गाडीत मिळणार नव्हतं.

नवी बुक केली. निळी. निळीच का, हे आमच्या नातेवाइकांत कुणी विचारलं नाही.

त्या महिन्यांबद्दल मला सांगता येण्यासारखं थोडं आहे. ती वाट बघत होती, आणि वाट बघणारं माणूस घरात असलं की घर वेगळं असतं. शोरूमच्या मुलीला ती फोन करायची, "काय गं, माझी गाडी कुठवर आली? जहाजात बसली का?" ती मुलगीही तयार होती. "मॅडम, जहाजाला हात करून आले कालच." सीटचं कातडं कोणत्या रंगाचं, यावर आमचं आठवडाभर भांडण झालं आणि त्या आठवड्यात आम्ही रिपोर्टबद्दल एकदाही बोललो नाही. मधल्या काळात तिने छोटी गाडी चालवणं थांबवलं. एका सकाळी ब्रेक समजून पाय भलतीकडे पडला. काही झालं नाही. किल्ली तिने खुंटीला लावली आणि पुन्हा काढली नाही. मग ती गाडी विकली.

मोठी गाडी आली तेव्हा ती काठी धरून चालत होती. शोरूमचा माणूस गाडी घेऊन आमच्या बदलापूरच्या सोसायटीच्या गेटपर्यंत आला. शेजारचे गृहस्थ नारळ आणि चार लिंबं घेऊन उभे होते.

"वहिनी, लिंबं चाकाखाली ठेवायची. दृष्ट लागते."

"भाऊजी, लिंबं सरबताला द्या. नव्या टायरला आंबट कशाला?" तिने घरी सकाळी बुद्धवंदना घेतली होती, तेवढं तिला पुरेसं होतं. पेढे मात्र तिने वॉचमनपासून सगळ्यांना वाटले.

मग ती शोरूमच्या माणसाला म्हणाली, "उतरा. आत मी नेते."

गेटपासून आमच्या पार्किंगच्या जागेपर्यंत अंतर ते काय. सरळ जायचं, पाण्याच्या टाकीपाशी वळायचं, खांबांमधून आत. मी नको म्हणालो. शेजारी नको म्हणाले. ती चालकाच्या जागेवर बसली, काठी माझ्या हातात दिली आणि मला शेजारी बसायला लावलं.

"तुम्ही पुढे बघू नका," ती म्हणाली. "खाली बघा. माझा पाय कुठे आहे ते सांगत राहा."

मी पट्टा न लावता वाकलो. तिच्या पायात मोजा होता, चप्पल तिने काढून ठेवली होती.

"कुठे आहे?"

"ब्रेकवर."

"पूर्ण?"

"पूर्ण."

गाडी ऑटोमॅटिक होती. ब्रेक सैल केला की ती स्वतःच हळू पुढे सरकते, दुसऱ्या पेडलला हात, म्हणजे पाय, लावायची गरजच नव्हती. हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त पाऊल दिसत होतं. ते थोडं उचललं गेलं आणि गाडी सरकली. बाहेर शेजाऱ्यांचा आवाज येत होता, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या वहिनी."

"कुठे आहे?"

"ब्रेकवरच. जरा कडेला गेलंय."

पाऊल आत आलं.

"आता?"

"आता बरोबर."

असं आम्ही टाकीपर्यंत गेलो आणि वळलो. वळताना ती काहीतरी पुटपुटत होती, मला वाटतं टाकीला शिव्या देत होती. माझी मान अवघडली होती. डोकं डॅशबोर्डला लागत होतं. मग पाऊल खाली दाबलं गेलं, गाडी थांबली, ती म्हणाली, "लागली," आणि बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी सरळ झालो तेव्हा समोर भिंत होती.

तिने ती गाडी चालवली ती एवढीच. आणि तीही मी पाहिली नाही. तिचा चेहरा कसा होता, तिने आरशात पाहिलं का, टाकीपाशी एका हाताने वळवली की दोन्ही हातांनी, हे मला शेजाऱ्यांना विचारावं लागलं. ते म्हणाले, "सर, वहिनी अशा बसल्या होत्या ना, बारवी डॅमला सहलीला निघाल्यासारख्या."

त्यानंतर एक चालक ठेवून आम्ही दोनदा तीत बसून इस्पितळात गेलो. ती मागे बसली. चालक खड्ड्यांतून जपून नेत होता. ती मला हळूच म्हणाली, "हा बैलगाडीतून आलाय वाटतं." तिसऱ्या वेळी रुग्णवाहिका लागली.

ती गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या एका दूरच्या नातेवाइकाने जेवणानंतर मला बाजूला घेतलं. गाडी विकून टाका म्हणाला. फारशी चाललेली नाही, हमी शिल्लक आहे, जुन्या गाड्यांच्या दालनात हात जोडून घेतील. बोलणं व्यवहाराचं होतं. मीच कधीकाळी तिला असंच काहीसं वाचून दाखवलं होतं. मी बघतो म्हणालो. तो एकदा फोन करून गेला, मग त्याने विषय सोडला.

गाडी खाली तिने लावली तिथेच लागते. बॅटरी उतरू नये म्हणून शेजारचे गृहस्थ अधूनमधून ती सुरू करतात, टाकीपर्यंत नेतात आणि परत आणून ठेवतात. मी खिडकीतून बघतो. मला चालवता येत नाही.