न येणाऱ्या गोष्टींचे मास्तर

जी गोष्ट आपल्याला येत नाही, ती शिकवायला आपल्याइतका लायक माणूस जगात दुसरा नाही, अशी ठाम समजूत असलेला एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. "ज्याला येतं तो घाई करतो, जावईबापू," मामा मला म्हणत. "ज्याला येत नाही तो शिकणाऱ्याच्या शेजारी बसतो." वाशिंदच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी शहापुरातल्या आमच्या छोट्याशा ल्यूथरन ख्रिस्ती मंडळीत प्रौढांचा वर्ग काढला. रविवारची उपासना आटोपली, चहा झाला, की मुलं अंगणात पळायची आणि आम्ही मोठी माणसं पुन्हा बाकांवर येऊन बसायचो. स्वतःला सायकल येत नसताना मामांनी पाळकसाहेबांच्या पत्नीला सायकल शिकवली. त्या शिकल्या आणि निघून गेल्या; सीट धरून मागे पळणारे मामा सापगावच्या रस्त्यावर एकटेच उरले. पोहण्याचा वर्ग तर त्यांनी आम्हाला कोरड्या बाकांवर पालथं पाडून घेतला. पंख्याखाली हात मारता मारता निम्म्या मंडळीला झोप लागली. मामांनी कुणाला उठवलं नाही. खिडकीबाहेर माहुलीचे सुळके ढगात विरघळत होते, तिकडे पाहत ते हळूच म्हणाले, "राहू द्या. तरंगताहेत."

वर्गात शिकायचं आणि महिन्यातून एखाद्या रविवारी टेंपो करून कुठेतरी उपयोगी पडायला जायचं, असा मामांचा नेम होता. एकदा आम्ही म्हाताऱ्या माणसांसाठी चष्मे घेऊन डोळखांबच्या पलीकडे, जंगलातल्या एका पाड्यावर गेलो. टेंपो थांबतो न थांबतो तोच पन्नाशीची एक बाई धावत आली. तिने आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं, टेंपोत वाकून पाहिलं, हनुवटीला बोट लावलं, रस्त्याकडे हात केला आणि गप्प परत जाऊन नाचणी पाखडू लागली. "चिमी हाय ती, माझी बहीन," तिचा भाऊ म्हणाला. "जलमापासून बहिरी. तिला काय कळत नाय. कोनचीबी गाडी आली का पळते. येडी हाय."

परतीच्या वाटेवर मामा हनुवटीला बोट लावून रस्त्याकडे हात करून पाहत होते. पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून हातांची भाषा." ती अर्थातच त्यांना येत नव्हती. शिकवणारं कुणी मिळेपर्यंत त्यांनी स्वतःच खुणा रचल्या आणि मंडळीला पाठ करायला लावल्या. मग शलाका नावाची, मूकबधिरांच्या शाळेत शिकलेली एक मुलगी सापडली. मामांनी हाताने 'देवाचा आशीर्वाद असो' म्हटल्यावर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिच्या भाषेत त्याचा काय अर्थ होतो, ते तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण त्या दुपारी मला स्वप्नासारख्या आठवतात. भरलेला हॉल, आवाज कसला तो नाही, आणि आमचे जाडजूड हात हवेत भाताची रोपं लावावीत तसे वरखाली होताहेत.

पाड्यावर मात्र त्यातलं काहीच चालेना. चिमीताई कधी शाळेत गेलेली नव्हती. शलाकाच्या खुणा तिला परक्याच. शिवाय भावाला भलतीच शंका. "तुमी काय धरम बदलायला आलाव का?"

"नाही रे बाबा," मामा म्हणाले, "भाषा शिकायला आलोय. तुझ्या बहिणीची."

आणि खरंच ते तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि विद्यार्थी झाले. तिने सूप दाखवलं, त्यांनी हात हलवले. चुकले की ती कपाळाला हात लावी. पावसाळा सरला, भात कापून झाला, तरी मामांचं शिक्षण चालूच. एके दिवशी तिने ओठांवर मिशी काढली आणि ओंजळ उपडी केली. "हे काय?" मामांनी भावाला विचारलं. "मिशी म्हंजे आमचा बापूस. मेला ना तो." मग मामांनी हनुवटीला बोट लावलं. "आणि हे?"

"आयेच्या हनुवटीव गोंदन होता," भाऊ म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं.

आईला काही वर्षांपूर्वी भर पावसात जीपमधून शहापूरला दवाखान्यात नेलं होतं. ती तिथेच गेली. रस्ता तुटलेला, म्हणून तिला अग्नीही शहापुरातच दिला. घरी आल्यावर सगळे रडले, पण चिमीला काय झालं ते सांगावं, हे कुणाच्या मनातच आलं नाही. ती जीप परत यायची वाट पाहत राहिली.

"तुमी सांगा, मामा," भाऊ म्हणाला.

"मी परका. हे तू सांगायचं. ये, मी शेजारी बसतो."

भावाने बहिणीसमोर बसून हनुवटीला बोट लावलं. मग त्याने ओंजळ उपडी केली. चिमीताईने त्याच्याकडे पाहिलं, तीच खूण स्वतः एकदा करून पाहिली, आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की पाड्यातली कुत्रीसुद्धा गप्प झाली. भाऊ तिला धरून रडत होता. "इतकी वरसं इचारीत व्हती गो ती... आन् आमी तिला येडी म्हनलो." पुढच्या खेपेला दोघं आमच्या टेंपोतून शहापूरला आली. आईला जिथे अग्नी दिला, तिथे नदीकाठी चिमीताई पुष्कळ वेळ बसली. मामाही बसले, जरा मागे.

यंदा मामांच्या गुडघ्यांनी अगदीच मान टाकली आहे. पाड्यावरचा चढ त्यांना झेपत नाही. त्यांच्या जागी मी जातो. माझ्या खुणा अजून बोबड्या आहेत. पण गाडी थांबली की मी सामानाला हात लावत नाही. आधी चिमीताईपुढे उभा राहतो आणि हातांनी सांगतो: मामा घरी आहेत. गुडघे दुखतात. बरे आहेत. ती माझे हात नीट निरखते, मान हलवते, आणि मगच आम्ही टेंपो रिकामा करायला लागतो.