स्वतःचा राउटर

सख्ख्या भावंडांमध्ये आता आम्ही दोघीच उरलो. मोठी अक्का धुळ्याला तिच्या पुतण्याकडे राहते आणि मी जळगावात, पिंप्राळ्याला, एकटी. शिंदखेड्याच्या शाळेतून मी निवृत्त झाले तेव्हा आम्ही नवराबायकोने हे घर हौसेने घेतलं. त्यांना ते फार दिवस लाभलं नाही.

अक्काला आता ऐकू येत नाही. साध्या फोनवर ती नुसतं "हां, हां" करते. लिहिलेलं तिला वाचता येत नाही, कारण ती शाळेत गेलीच नाही. ती घरचं सगळं बघायची म्हणून मला शिकता आलं. पण व्हिडिओ कॉलवर माझे ओठ बघून तिला बरंच कळतं. त्यामुळे रोज दिवेलागणीला आम्ही समोरासमोर बसतो. मी आज कोणती भाजी केली ते सांगते. ती, आपण हळू बोलतोय अशा समजुतीने, पुतण्याच्या बायकोची, म्हणजे सुनेची, तक्रार चांगली मोठ्याने करते.

माझ्या घरात मोबाइलला रेंज नाही. सगळा भरवसा वाय-फायवर, आणि राउटर केबलवाल्याचा, भाड्याचा. उन्हाळा लागला की तो तापून बंद पडायचा. या वैशाखात तो बंद पडला तो पडलाच. मी तक्रार केली. "मॅडम, माणूस येतोय," एवढंच उत्तर रोज मिळायचं. गच्चीवर जाऊन कॉल लावून बघितला, तर चित्र मध्येच अडकायचं. माझे ओठ अर्धवट उघडे राहायचे आणि अक्का वैतागून फोन खाली ठेवायची.

शेवटी एका सकाळी मी एसटी धरून धुळ्याला गेले. दार सुनेने उघडलं.

"मावशी, बरं झालं आलात," ती म्हणाली. "काकू रोज संध्याकाळी फोन भिंतीला टेकवून समोर बसतात. मी सांगते, मावशीचं नेट बंद आहे. मान हलवतात आणि बसूनच राहतात."

अक्का पलंगावर होती. मला बघून उठली नाही. मी जवळ बसले तेव्हा आमच्या अहिराणीत म्हणाली, "माले वाटनं, तू रुसनी."

मी तिचा हात हातात घेतला. राउटर म्हणजे काय आणि तो भाड्याचा का, हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता. जेवून दुपारच्या गाडीने परतले. उन्हात खिडकीची काचसुद्धा हाताला चटका देत होती. आपण रुसलो नाही हे तिला नीट सांगितलं का, याचाच विचार घर येईपर्यंत चालू होता.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले. दुकानदार वयस्क मारवाडी गृहस्थ होते. माझं ऐकून म्हणाले, "ताई, भाड्याच्या डब्याची काळजी कोण घेतो? स्वतःचा घ्या. केबलवाल्याला फक्त सेटिंग करून द्यायला सांगा." मग विचारलं, "घरात माणसं किती?"

"मी एकटीच."

त्यांनी काउंटरवर काढलेला मोठा, चार अँटेनांचा राउटर परत मागे ठेवला आणि एक छोटा पुढे सरकवला. "मग हा पुरे."

त्यांचं बरोबर होतं. तरी मी म्हटलं, "तो मोठाच द्या."

"कशाला ताई? वाया जाईल."

"असू द्या."

मी पैसे मोजून दिले आणि खोकं पिशवीत टाकलं.

तक्रारीला कधी न आलेला केबलवाल्याचा माणूस जुना डबा न्यायला मात्र लगेच आला. नवा त्याने जोडला, माझ्या मोबाइलवर चालू करून दाखवला. "चहा टाकते," मी म्हटलं. त्याने पिशवीची चेन लावली. "नको मॅडम, पुढे अजून घरं आहेत." फाटक लावल्याचा आवाज झाला आणि घर पुन्हा पहिल्यासारखं रिकामं झालं.

संध्याकाळी कॉल लावला. चित्र स्वच्छ होतं. अक्काच्या कपाळावरचं गोंदणही दिसलं. ती माझ्या मागच्या खोलीत बघावं तशी मान वळवून म्हणाली, "घरमा कोन शे तठे?"

"कोनी नही," मी ओठ नीट हलवून सांगितलं.

"मंग बस आशीच जराशी."

तेव्हापासून आम्ही बोलणं संपलं तरी कॉल तोडत नाही. ती तिकडे मेथी निवडते, मी इकडे फोन पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी करते, जेवते. कधी ती बसल्या जागी पेंगते आणि तिची मान पडद्याच्या कडेला जाते. तिची सून येऊन फोन बंद करेपर्यंत मी तशीच समोर बसून राहते.